आईच्या तीस लाखांचं काय करू? व्हेंटिलेटर, सभामंडप की संशोधन

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): कराड तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय चोपन्न, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. दीड वर्षापूर्वी आई गेली. आईने जन्मात विडी ओढली नाही, मिश्रीसुद्धा लावली नाही. पण घरचं गुऱ्हाळ होतं आणि पंचवीस हंगाम ती चुलवाणापाशी चिपाडं सारत बसली. बारा वर्षं खोकला आणि धाप. गावातल्या, तालुक्यातल्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘दमा’. शेवटी पाय सुजले म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. त्यांनी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे नळीत फुंकायला लावून सांगितलं, हा सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार आहे आणि त्यापायी हृदयाची उजवी बाजू थकलीय. त्यानंतर आठ महिन्यांत सगळं संपलं. आईच्या वाट्याच्या जमिनीचे ३० लाख आलेत. ते तिच्या नावाने कुठे तरी द्यायचे, एवढ्यावर तिन्ही भावंडांचं एकमत आहे. न्यू जर्सीचा भाऊ म्हणतो, तालुक्याच्या रुग्णालयाला व्हेंटिलेटर देऊ, वर आईच्या नावाची पाटी. धाकटी बहीण म्हणते, देवळाला सभामंडप. ताईंना हृदय-फुप्फुसाच्या आजारांवरच्या संशोधनाला द्यायचेत, तेही आपल्याच भागात. यजमान म्हणतात, ‘संशोधनाला म्हणजे पाण्यात.’ भाचा म्हणतो, ‘सरकार आहे, औषध कंपन्या आहेत, तुमच्या तीस लाखांनी काय होणार?’ आणि गुऱ्हाळ आता चुलतभाऊ चालवतो. त्याला काय वाटेल, ही धास्ती वेगळीच.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पैशांसाठी, कारण मी हिशेबाचा माणूस. एका ट्रस्टच्या रुग्णालयात बावीस वर्षं देणग्यांच्या पावत्या फाडल्या, वर्षाअखेरीला त्यांचे ताळमेळ घातले. दुसऱ्यांदा वाचलं ते तुमच्या एका वाक्यासाठी. ‘आईच्या रोगावर औषध निघावं, एवढीच इच्छा आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. आधी तिथेच थोडं थांबू.

३० लाखांत औषध निघत नाही. नव्या औषधामागे कंपन्या हजारो कोटी ओततात आणि तरी बहुतेक औषधं मधल्या चाचण्यांतच गळतात. भाच्याचं तेवढं म्हणणं खरं आहे. पण तुमच्या आईला उणीव औषधाची होती का? इनहेलर बाजारात होते. फुंकून बघायचं यंत्र, स्पायरोमीटर, तेही काल निघालेलं नाही. सीओपीडी पूर्ण बरा होत नाही, पण धुरापासून लांब केलं आणि इनहेलर वेळेवर सुरू झाले तर माणूस दोन पायऱ्या जास्त चढतो, कमी वेळा ॲडमिट होतो. तुमच्या आईच्या बाबतीत नव्हतं ते एवढंच: विडी न ओढणाऱ्या, चुलवाणासमोर बसलेल्या बाईलाही हा आजार होतो हे पहिल्या चिठ्ठीच्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. बारा वर्षं तिथे गेली. (हे वाचून स्वतःला बोल लावून घेऊ नका. ‘दमा’ लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावरही ते यंत्र नव्हतं.)

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की तुम्हाला जे हवंय ते औषध नाही. तुमच्या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांवर, चुलींपुढे किती जणांची फुप्फुसं अशी झालीत, ती किती लवकर ओळखता येतील आणि ओळखल्यावर काय केलं तर फरक पडेल, हे कुणी तरी मोजायला हवंय. हेही संशोधनच. आणि याला ३० लाख कमी नाहीत.

‘आपल्याकडे असलं काही होतं तरी का?’ असं यजमानांनी विचारलंय. त्यांना महाडची गोष्ट सांगा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती. भाताच्या पेंढ्यात हात घातला, विंचू डसला, की घाम, उलट्या, हातपाय गार, मग धाप, तोंडाला फेस. लोक याला विंचवाचं विष म्हणून सोडून देत. बावस्करांनी खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, लक्षणं तासातासाने लिहून काढली. मरण येतं ते हृदय थकून आणि फुप्फुसांत पाणी भरून, हे त्या नोंदींतून पुढे आलं. १९८२मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं टिपण छापून आलं. मग प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि १९८६मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत तेही ‘लॅन्सेट’मध्येच मांडलं. पुढे २०११मध्ये महाडच्याच ७० रुग्णांवर नुसती गोळी आणि गोळीबरोबर विंचूदंशाची लस (म्हणजे विष उतरवणारं प्रतिविष) अशी तुलना करून ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. लस जोडली तर रुग्ण लवकर सावरतो, हे त्यातून कळलं. कोकणातल्या शेतकऱ्याच्या विंचवासाठी कुठली कंपनी हा खटाटोप करणार होती? हृदय आणि फुप्फुसं, दोन्ही होती त्यात. नव्हती ती चकचकीत प्रयोगशाळा.

गडचिरोलीचं उदाहरण तर तुमच्या कामाला जास्त जवळचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखून गावातच औषध द्यायचा प्रयोग केला. ५८ गावांत तो उपचार आणि शेजारच्या ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था, अशी तुलना. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला: पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू उपचाराच्या गावांत ८.१ आणि बाकीच्या गावांत १७.५. मला मात्र आकड्यांपेक्षा त्यांचं एक साधन आवडतं. गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नसत आणि न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे कळायलाच हवं. म्हणून वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी संपले तर औषध सुरू. त्या मण्यांना किती पैसे लागले असतील? पण गावोगाव फिरायला, वर्षभर प्रत्येक जन्म-मृत्यू नोंदवायला पैसे लागलेच असणार, आणि तो खर्च कुठल्याही पाटीवर मावत नाही.

आणि तुमच्या आईच्या आजाराबद्दल एक मोठा आवाज आपल्याच पुण्यातून उठलाय. डॉ. संदीप साळवी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये होते. त्यांनी २००९मध्ये लंडनच्या प्रा. बार्न्स यांच्याबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर लिहिलं, की सीओपीडी हा फक्त सिगरेटवाल्यांचा आजार नव्हे, जगात सिगरेट ओढणारे साधारण शंभर कोटी, पण लाकूड, शेण, काडीकचऱ्याच्या धुरात राहणारे तीनशे कोटी. भारतात मृत्यूच्या कारणांत हृदयविकारामागोमाग सीओपीडीचाच नंबर लागतो. २०१६च्या हिशेबात जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के होता आणि जुनाट श्वसनविकारांच्या ओझ्यात ३२ टक्के. हे सगळं देशाचं चित्र झालं. त्यात चुलवाणापुढे बसलेली बाई कुठे आहे, हे त्या आकड्यातून दिसत नाही. ते बघायला कुणाला तरी तिथे जावं लागतं.

आता यजमानांची बाजू. ‘पाण्यात’ म्हणतात ते उगाच नव्हे, मी पाण्यात गेलेले पाहिलेत. आमच्याकडे एका गृहस्थांनी वडिलांच्या नावे मोठी रक्कम दिली होती. पावतीवर मीच लिहिलं, ‘संशोधन व विकास निधी’. त्या ‘विकास’ शब्दाने घात केला. तीन वर्षांत त्या निधीतून सेमिनार हॉलला एसी बसला, खुर्च्या आल्या, एका परिषदेचं जेवण झालं. ऑडिटरने एकही शेरा मारला नाही, कारण नियमात काहीच चुकलं नव्हतं. गृहस्थ दरवर्षी वडिलांच्या तिथीला यायचे, हॉल बघून समाधानाने जायचे. मी त्यांना कधी सांगितलं नाही, ही माझी चूक. तेव्हापासून एक धडा घेतलाय: देणगीदाराने रक्कम लिहिण्याआधी प्रश्न लिहावा. ‘हृदय व फुप्फुसांच्या आजारांवरील संशोधनासाठी’ असं नाही. ‘अमुक तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर काम करणाऱ्यांची फुप्फुसांची चाचणी आणि दोन हंगाम पाठपुरावा’, इतकं नेमकं. मग हॉल रंगवायला कुणी पैसे वळवले तर किमान ते चोरून करावं लागेल.

भावाच्या व्हेंटिलेटरला मी नाक मुरडणार नाही. तो लांब आहे, त्याला डोळ्यांना दिसेल असं काही हवंय. आईच्या शेवटच्या दिवसांत तो इथे नव्हता, ते शल्यही त्यात असेल. पण व्हेंटिलेटर विकत घेणं सोपं आणि चालवणं महाग. त्यासाठी चोवीस तास ऑक्सिजनची लाइन लागते, नळी घालणारा भूलतज्ज्ञ लागतो, रात्रपाळीला शिकलेली सिस्टर लागते, दरवर्षी देखभालीचा करार लागतो. एका ग्रामीण रुग्णालयात (नाव नको) मी एक व्हेंटिलेटर पाहिलाय. फुलाफुलांच्या चादरीखाली झाकलेला, वर देणगीदारांच्या आजोबांची पितळी पाटी, रोज पुसून लख्ख. तिथली सिस्टर म्हणाली, ‘साहेब, पाटीच तेवढी चालू आहे.’ म्हणून भावाला एवढंच सांगा: आधी तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून विचार, ‘तुमच्याकडे काय नाही म्हणून पेशंट साताऱ्याला किंवा कोल्हापूरला पाठवता?’ ते जे म्हणतील ते दे. कदाचित ते स्पायरोमीटरच म्हणतील. साधं, हातात धरायचं यंत्र व्हेंटिलेटरपेक्षा बरंच स्वस्त मिळतं. मग भावाची पाटी आणि तुमचं संशोधन एकाच खोलीत येतील.

बहिणीच्या सभामंडपाबद्दल मी काही बोलत नाही. तो प्रश्न आरोग्याचा नाही, घरचा आहे. तिला आईची आठवण देवळात होते आणि तुम्हाला दवाखान्यात, यात चूक कुणाचीच नाही. तिचा वाटा तिला देऊन टाकावा लागला तर कुरकुर न करता द्या. वीस लाखांतही हे काम, जरा लहान करून, होतं.

आता चुलतभाऊ. पत्रात तुम्ही हे शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं खरी अडचण इथेच आहे. तुम्ही लिहिता, ‘गुऱ्हाळाच्या धुराने आई गेली हे एकदा सिद्ध व्हायला हवं.’ ताई, प्रश्न तुम्हाला विकत घेता येईल, उत्तर नाही. चांगला संशोधक तुमचे पैसे घेताना हेच सांगेल. उद्या तपासात असं निघालं, की गुऱ्हाळाच्या मोकळ्या शेडपेक्षा घरातल्या बंद स्वयंपाकघराचा धूर जास्त वाईट, तर? किंवा लहानपणी झालेल्या क्षयाचा हात निघाला तर? ते उत्तर तुम्हाला घेता येईल का, हे चेक लिहिण्याआधी स्वतःशी ठरवा. आणि एका आईच्या मृत्यूचं कारण कुठलाच अभ्यास सिद्ध करत नसतो. तो शंभर-दोनशे माणसांबद्दल बोलतो, एकीबद्दल नाही.

चुलतभावाकडे मात्र नुसतं जाऊ नका, पहिल्यांदा त्याच्याकडेच जा. गुऱ्हाळवाला या कामाच्या विरोधात असेल असं गृहीत का धरायचं? काहिलीशेजारी तोही उभा असतो. चुलवाणात चिपाडं घालणारा माणूस हंगामात दिवसभर त्या तोंडाशी असतो, तो कुणाचा तरी बाप आहे. मालकाला भीती असते ती आपलं गुऱ्हाळ बंद पाडतील याची. त्याला सांगा, गुऱ्हाळाचं नाव कुठेच येणार नाही. तपासणी कामगारांची, आणि त्याचीही. धुराड्याची उंची, चुलवाणाचं तोंड कुठल्या बाजूला, चिपाडं वाळलेली की ओली, यातलं काय बदललं तर धूर कमी होतो, हेही याच अभ्यासात मोजता येईल. धूर कमी म्हणजे जळण नीट जळतंय, हे गुळाची काहील उतरवणाऱ्याला आपण शिकवायला नको. तो स्वतः पाहुण्यासारखा बाजूला उभा राहिला तर अभ्यासाला कुणी येणारच नाही, कारण कामगार मालकाच्या तोंडाकडे बघतात.

पैसे कुणाकडे द्यायचे? माझ्या मते तुमच्या रकमेला सगळ्यात जास्त फळ येईल ते जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात. साताऱ्यात, मिरजेत, कोल्हापुरात सरकारी महाविद्यालयं आहेत, खासगीही आहेत. छातीरोग किंवा मेडिसिनमध्ये एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. हा प्रबंध बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या खिशातून होतो. मग विषय कुठला निवडणार? ओपीडीत चालत येणाऱ्यांवरचा. गावात जायला जीप नाही, मदतीला माणूस नाही, स्पायरोमीटरच्या तोंडात घालायच्या नळ्या प्रत्येकाला नव्या लागतात त्याचे पैसे नाहीत. लाखभर रुपयांनी तो विद्यार्थी ओपीडीतून गुऱ्हाळापर्यंत येतो. १० लाख कायम निधी म्हणून ठेवले आणि सात टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ७० हजार सुटतात. म्हणजे दरवर्षी एका प्रबंधाचा बराचसा खर्च, तुमच्या नंतरही. कायम निधीचा हा प्रकार जुना आहे. मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या तेव्हा त्यांचे पती दोराबजींनी १९३२मध्ये त्यांच्या नावाने त्याच रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी केला, तो आजही चालू आहे. त्यांची रक्कम वेगळी, आपली वेगळी, पद्धत तीच.

पण नुसत्या प्रबंधांवर राहू नका. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, मागे कपाटात एक काळी बांधणी राहते. म्हणून उरलेल्यातून एक सलग काम हवं: त्याच विभागातल्या कायमच्या प्राध्यापकांच्या नावे, तीन वर्षांचं. गावातल्याच दोन बाया, बारावी झालेल्या, चाचणी घ्यायला शिकवलेल्या. महिना अठरा हजार धरले तर दोघींचे वर्षाला ४ लाख ३२ हजार, तीन वर्षांचे जवळपास १३ लाख. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि देणगीदार नेमका यालाच नाही म्हणतात. ‘पगाराला आमचे पैसे नकोत, यंत्राला घ्या.’ ताई, असं म्हणू नका. यंत्र फुंकत नाही. आजीला ‘अजून जोरात, अजून, अजून, संपेपर्यंत’ असं म्हणत सहा सेकंद फुंकायला लावते ती बाई. तिने घाई केली की आकडा चुकतो.

दिवसही जास्त लागतील याची तयारी ठेवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. ती बाळं आता तिशीच्या आसपास आहेत आणि जन्माला वजनाने कमी पण अंगात चरबी राखून असलेलं आपलं बाळ पुढे मधुमेह-हृदयविकाराकडे कसं झुकतं, हे त्यांच्यामुळे कळलं. त्यामागे ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टसारखा मोठा हात होता. तुमच्याकडून इतकं कुणी मागणार नाही, पण पहिल्याच वर्षी ‘काय निघालं?’ असा फोन करू नका.

विश्वास कसा ठेवायचा, तर कागद मागून. हे पुढचं तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर. ज्यांना देणार त्यांचं मागच्या पाच वर्षांत काय-काय छापून आलं ते विचारा. यादी देताना अडखळले तर समजून घ्या. संस्थेची नैतिकता समिती (अभ्यासातल्या माणसांचं हित जपलं जातंय ना, हे बघणारी) आहे का, तिची मंजुरी या अभ्यासाला मिळाल्यावरच पहिला हप्ता, हे लिहून घ्या. औषधांच्या चाचण्या देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवाव्या लागतात. ही नोंदवही २००७पासून आहे, कुणालाही फुकट उघडून पाहता येते आणि नुसत्या पाहणीचे अभ्यासही तिथे नोंदवता येतात. तुमचाही नोंदवायला सांगा. म्हणजे निकाल काहीही लागला तरी ‘असा अभ्यास झालाच नव्हता’ असं कुणाला म्हणता येणार नाही. रक्कम एकदम देऊ नका. सहा महिन्यांचा हप्ता, खर्चाचं प्रमाणपत्र आलं की पुढचा. चेक संस्थेच्या नावे, कितीही देवमाणूस असला तरी डॉक्टरांच्या नावे नाही. सरकारी महाविद्यालयात देणगी घ्यायची रीत वेगळी असते, ती अधिष्ठात्यांच्या कार्यालयात लेखी विचारा. आणि निकाल, काही न सापडल्याचा सुद्धा, छापला जाईल आणि ग्रामसभेत मराठीत सांगितला जाईल, ही अट घाला. हल्ली बरेच अभ्यास इंग्रजीत छापून संपतात. ज्यांनी फुंकलं त्यांना पत्ता नसतो.

एका गोष्टीवर अडून बसा. चाचणीत ज्यांची फुप्फुसं बिघडलेली निघतील त्यांचं काय? ‘तुम्हाला सीओपीडी आहे’ एवढं सांगून जीप पुढच्या गावाला गेली तर ते पाप आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. अंदाजपत्रकात त्यांच्या इनहेलरचे, मोठ्या दवाखान्यात नेण्याचे, पाय सुजलेले असतील तर इकोचे पैसे आधी धरा. त्यासाठी अभ्यासातली माणसं कमी करावी लागली तरी चालतील. संशोधक कुरकुरतील, आकडा लहान होतो म्हणतील. ऐकून घ्या, पण सोडू नका.

पैशांच्या कायद्याचं थोडं. भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर त्याच्या खात्यातून आलेले पैसे परकीय देणगी ठरतात. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेली संस्था ते घेऊच शकत नाही. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ही अडचण नाही. त्याच्याकडे कुठलं पासपोर्ट आहे ते आधी विचारा. कित्येक घरांत हे शेवटच्या दिवशी निघतं. आयकरातल्या वजावटीचं म्हणाल तर नव्या करप्रणालीत असाल तर देणगीवर काही मिळत नाही. जुन्या प्रणालीत साध्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीची वजावट बहुधा निम्मीच मिळते आणि तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला दिलेल्या देणगीचे नियम जास्त उदार आहेत. दोन हजारांवर रोख दिलीत तर वजावट गेली. कलमांचे आकडे मुद्दाम लिहीत नाही, १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ते बदललेत. सीएला भेटा. आणि वजावटीसाठी संस्था निवडू नका, मी ते करणारे लोक पाहिलेत, त्यांना शेवटी दोन्हीतलं काही मिळालं नाही.

शेवटचं, पैशांचं नसलेलं. तुम्ही लिहिलंय, शाळेतून आलं की आईजवळ चुलवाणापाशीच अभ्यास करायचात. म्हणजे आठ-दहा वर्षं तोच धूर तुमच्याही छातीत गेलाय. पत्रात एका ठिकाणी ‘हल्ली जिना चढताना थांबावं लागतं, वय झालं’ असं आहे. चोपन्न हे वय नव्हे. महाविद्यालयात पहिल्यांदा जाल तेव्हा देणगीचं बोलण्याआधी केसपेपर काढा आणि स्वतः फुंकून या. धाकट्या बहिणीलाही न्या.

आणि आईच्या चिठ्ठ्यांची ती साडीच्या दुकानाची पिशवी, जिच्यात बारा वर्षांचे कागद कोंबलेत म्हणालात, ती आवरताना टाकू नका. सगळ्या तारखेप्रमाणे लावा, दोरीने बांधा, आणि त्या दिवशी सोबत घेऊन जा.